ताईच्या आवाजाची विशेष सूचना

धाकटीने साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं, की गुरुवारी सकाळी आठ वाजता धक्क्यावरचे बाराच्या बारा स्क्रीन नव्या पद्धतीने चालायला लागतील आणि कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही. "कुणाच्या कपातला चहा हलणार नाही," हे तिचे शब्द. असं काही बोलण्याआधी माणसाने जीभ जरा चावून बघावी. पण धाकटीची जीभ नेहमीच तिच्या दातांच्या एक पाऊल पुढे!

धाकटी म्हणजे बोटींच्या धक्क्यावरची संगणकवाली. वय सत्तेचाळीस, गुडघे त्याहून म्हातारे. तरी सगळे तिला धाकटीच म्हणत, कारण थोरली तिच्या कितीतरी आधीपासून तिथे होती. थोरली म्हणजे तिची बहीण, ताई. काचेच्या केबिनमध्ये बसून माइकवरून घोषणा करणारी. स्क्रीनवर ओळ आली की ताई ती वाचायची, प्रत्येक घोषणा दोनदा, नियमाप्रमाणे. मधल्या वेळात स्वेटर विणायची. बावीस वर्षांत तिचे डोळे आणि तोंड यांच्यात असं काही गूळपीठ जमलं होतं, की मधे मेंदूला विचारावंच लागत नसे. डोळ्यांनी बघितलं, तोंडाने म्हटलं, सुई पुढे!

धाकटीला इथे चिकटवलं ते ताईनेच. आधी तिकिटाच्या खिडकीवर. मग तिला संगणकाचं वेड लागलं आणि ती घरी जेवणाच्या टेबलावर उशीएवढी जाड पुस्तकं घेऊन बसू लागली. कुठला क्लास नाही, कुणी गुरू नाही. समोरची ताटं ताई उचलायची, भांडी ताई घासायची, आणि धाकटी उठायला गेली की म्हणायची, "बस तू. धागा सुटेल." अशी सहा वर्षं गेली. म्हणजे धाकटीला जे काही येत होतं, त्यात अर्धा साबण ताईचा होता.

आता ही नवी पद्धत काय, ते सांगायला हवं. नाहीतर पुढचा घोळ समजायचा नाही. आधी मुख्य प्रोग्राम बोटींच्या वेळा एकेका स्क्रीनच्या प्रोग्रामला पाठवायचा. पहिल्याला, दुसऱ्याला, तिसऱ्याला. लग्नाच्या पंगतीत वाढत गेल्यासारखं. बाराव्याच्या पानात वेळ पडेपर्यंत बोट निघून गेलेली असे. खरं तर प्रत्येक प्रोग्रामला वाटत असतं, की संगणकाची सगळी मेमरी आपल्याच तीर्थरूपांची. प्रत्येकाचे घरनंबर आपले आपले, दुसऱ्याच्या घरात डोकावता येत नाही. धाकटीची युक्ती अशी, की मेमरीचा एकच तुकडा मधे ठेवायचा, शाळेतल्या फळ्यासारखा. आणि सिस्टीमला सांगून प्रत्येकाच्या घरातून त्या फळ्यावर उघडणारी एकेक खिडकी पाडून घ्यायची. खिडकीचा नंबर ज्याचा त्याचा, फळा मात्र एकच. मुख्य प्रोग्रामने तिथे खडू टेकवला, की बाराही जणांना त्याच क्षणी दिसणार. वाढप बंद!

आणि ज्याला नुसता सराव करायचा आहे, त्याच्यासाठी 'खाजगी' खिडकी मागायची सोय असते. फळा तोच दिसतो, पण तुम्ही पहिलं अक्षर काढलंत की सिस्टीम गुपचूप तेवढ्या भागाची नक्कल करून तुमच्या हातात देते. मग त्यावर काय वाटेल ते खरडा, बाकीच्यांना गंध नाही.

बुधवारी संध्याकाळपर्यंत सगळं बसलं. गुरुवारी आठला सुरू झालं, आणि खरंच, कुणाच्या कपातला चहा हलला नाही. धाकटीने तिथेच थांबायला हवं होतं.

पण तिच्या डोक्यात दुसरीच एक गोष्ट कुरतडत होती. मागच्या शुक्रवारी साहेबांनी तिला आत बोलावून घेतलं होतं. प्रवाशांच्या तक्रारी वाढल्यात, म्हणाले. ताईंचा आवाज मधेच फाटतो, बोटीचा नंबर कळत नाही, परवा एक अख्खं कुटुंब भलत्याच बेटावर पोचलं. आता रेकॉर्ड केलेला आवाज आणायचा विचार आहे. ताईंना चौकशीच्या खिडकीवर बसवू. पण हे परक्याने सांगण्यापेक्षा बहिणीने सांगितलेलं बरं, नाही का? धाकटी म्हणाली, "त्यात काय, मी सांगते." तेही छातीठोकपणेच.

त्याला सहा दिवस झाले होते. रोज ती जेवताना तोंड उघडायची आणि त्यात घास घालून मिटायची.

तर गुरुवारी सव्वाआठला धाकटीला वाटलं, सगळ्यात खालची, विशेष सूचनेची ओळ लांब मजकुराला पुरते का ते एकदा बघून घ्यावं. ही ओळ वादळ, धुकं, असल्या संकटांसाठी. ती उमटली की ताईच्या केबिनमध्ये घंटा वाजते, ताईने ती ताबडतोब वाचायची, आणि ती पुसली जाईपर्यंत एकही बोट सोडायची नाही. धाकटीने सरावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. लिहिला म्हणजे काय, कालच्यातल्या चार ओळी उचलून इथे आणल्या आणि फळ्याचं नाव टाकलं. कालच्या ओळींत खिडकी 'सामायिक' मागितलेली होती. तो एक शब्द बदलून 'खाजगी' करायचा होता. तेवढा राहिला.

दुसरी माणसं अशा वेळी 'अ ब क ड' लिहितात. धाकटीला ती सवय नव्हती. घरात एकटीने शिकलेल्या माणसाच्या सवयी घरच्याच असतात. मनात जे घोळत असेल तेच ती टाइप करायची. कधी वाण्याची यादी, कधी दातदुखी. कोण बघतंय? त्या सकाळी तिने टाइप केलं आणि कळ दाबली.

केबिनमध्ये घंटा वाजली. ताईने सुई खाली ठेवली. आणि साऱ्या धक्क्यावर, तिकिटाच्या रांगांवर, बोटींच्या शिड्यांवर, बावीस वर्षांच्या सफाईने आवाज आला:

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. विशेष सूचना. ताईचा आवाज आता पार फाटलाय, पण तिला सांगणार कोण."

आणि आवाज नेमका 'फाटलाय'वरच फाटला.

धाकटी खुर्चीतच गोठली. तिला वाटलं, आता ताई थांबेल. ताई थांबलीही. दोन-तीन क्षण भोंग्यातून नुसती खरखर येत होती. पण नियम म्हणजे नियम. ताईने ती ओळ पुन्हा वाचली. या वेळी सावकाश, एकेक शब्द नीट लावून, जणू परक्या गावाचं नाव वाचतेय. शेवटी "धन्यवाद"सुद्धा म्हणाली.

मग धाकटीच्या अंगात वारं शिरलं. तिने सरावाचा प्रोग्राम खाडकन बंद केला. तिचा हिशेब असा, की लिहिणारा गेला म्हणजे लिहिलेलंही जाईल. पण सामायिक तुकड्याचं तसं नसतं. ज्याने लिहिलं तो मेला तरी, जोवर एकाची जरी खिडकी उघडी आहे तोवर फळा जागच्या जागी. इथे तर बारा खिडक्या उघड्या, आणि बाराही स्क्रीनवर ताईचा आवाज पार फाटलेला! तिने मुख्य प्रोग्राम बंद करून परत उठवला. तो उठला, त्याने फळ्याचं नाव घेतलं, आणि सिस्टीमने आज्ञाधारक सुनेसारखा तोच फळा, त्याच ओळीसकट, त्याच्यापुढे धरला.

बाहेर बोटी खोळंबल्या. विशेष सूचना आहे म्हणजे सोडायचं नाही, एवढंच कप्तानांना माहीत. दोरखंड सोडणारा जाडजूड गडी होता, त्याला सगळे लंगर म्हणत. तो हातातला दोर तसाच धरून विचारत फिरत होता, की हे वादळ नक्की कुठल्या दिशेने येतंय.

ओळ पुसून टाकायला एक कळ पुरली असती. धाकटीला तेवढं भान होतं. पण तिला वाटलं, नुसतं पुसलं तर ताईच्या कानात शेवटचं तेच राहील. काहीतरी चांगलं लिहायला हवं, आणि लगेच. तिने त्याच ओळीवर लिहिलं: 'ताईचा आवाज अजूनही गोड आहे'. घाईत ओळीचा उरलेला भाग पुसायचा राहिला. काना-मात्रा-वेलांट्यांसकट मोजलं तर दोन्ही मजकूर असे तंतोतंत एकावर एक बसले, की मुद्दाम बसवून बसले नसते. बारा स्क्रीनवर झळकलं:

'ताईचा आवाज अजूनही गोड आहे, पण तिला सांगणार कोण'.

पुन्हा घंटा वाजली. या वेळी ताईने माइक उघडला नाही.

पण प्रवाशांना वाचता येत होतं. बोटी अडलेल्या, हाताला काम नाही, आणि वर स्क्रीन विचारतोय की सांगणार कोण. लोकांना वाटलं, आपल्यालाच विचारतायत! आधी एक काठीवाले आजोबा केबिनपाशी गेले आणि काचेवर टकटक करून म्हणाले, गोड आहे हो आवाज. मग एक मास्तरीणबाई गेल्या. मग पाच-सहा जण, मग चक्क रांग लागली. आत ताई, मांडीवर अर्धा स्वेटर, आणि बाहेर काचेला नाकं लावून लोक एकामागून एक सांगतायत. कुणी हात हलवून, कुणी ओरडून, कारण काचेतून ऐकू जात नव्हतं. मयताच्या घरी भेटायला आल्यासारखे तोंड पाडून सांगत होते, तेही मयताच्याच समोर. ताई प्रत्येकाला मान डोलावत होती.

गलका ऐकून साहेब बाहेर आले. त्यांनी मान वर करून एकदा स्क्रीन पाहिला, एकदा रांग पाहिली, आणि त्यांना आपल्या परीने उलगडा झाला. बहिणीने सांगितलं तर! जरा विचित्र तऱ्हेने, पण सांगितलं. ते केबिनमध्ये गेले आणि मोकळ्या मनाने म्हणाले, "बरं झालं तुम्हाला कळलं ते. माझ्या जिवावर आलं होतं. नवा आवाज सोमवारी येतोय. चौकशीच्या खिडकीत ऊनही छान येतं."

धाकटी धावत दारात पोचली तेव्हा ताई साहेबांना विचारत होती, की त्या खिडकीत पंखा आहे का.

आता आणखी कुठल्या कळीला हात लावायची धाकटीची छाती नव्हती. शेवटी विजेचा मुख्य खटका पाडला तेव्हा फळा गेला. एकोणचाळीस मिनिटं बोटी उशिरा सुटल्या.

दुपारी दोघी केबिनमध्ये डबे उघडून बसल्या. धाकटीने खिडकी, फळा, खाजगी, सामायिक सगळं समजावून सांगितलं. ताईने शांतपणे ऐकलं. ऐकून घेण्यात ती पहिल्यापासून पटाईत.

"म्हणजे ते तू स्वतःपुरतं लिहिलं होतंस," ताई म्हणाली.

"हो."

"साहेबांनी कधी सांगितलं तुला?"

"गेल्या शुक्रवारी."

"आणि आवाजाचं? ते कधीपासून कळतंय तुला?"

धाकटीने पोळीचा तुकडा मोडला, आणखी मोडला. मग म्हणाली, दोन वर्षं झाली असतील.

"मला चार," ताई म्हणाली. "घसा खरवडायचा. डॉक्टर म्हणाले, आता हे असंच राहणार. पण म्हटलं, धाकटीचे कान तिखट. घरात नळ टपकला तरी तिला झोप लागत नाही. खरंच बिघडलं असतं तर ती बोलली असती. तू गप्प होतीस ना, म्हणून मी बोलत राहिले."

धाकटीने मोडलेले तुकडे गोळा करून डब्यात परत ठेवले. ताईने पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला आणि डबा धुवायला गेली. दोन्ही डबे.

शनिवारी ताईने शेवटची घोषणा केली. पाच चाळीसची बोट, धक्का क्रमांक दोन. दोनदा. माइकवर कापडाची टोपी घातली आणि विणकाम पिशवीत टाकलं. लंगर निरोप द्यायला आला होता. त्याने विचारलं, की आता आम्हाला कोण सोडणार. ताई म्हणाली, दोर तुझ्या हातात आहे, मला काय विचारतोस.

सोमवारी नवा आवाज आला. त्याला फळ्यावर खिडकी पाडून द्यायचं काम अर्थातच धाकटीचं. अर्ध्या तासात झालं. तिने प्रत्येक शब्द तीनदा तपासला. साहेब खूष होते. बारा स्क्रीन आणि एक आवाज, सगळे एका क्षणात, एकही बोट चुकली नाही! त्यांनी धाकटीची पाठ थोपटली आणि म्हणाले, तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं, कुणाला पत्तासुद्धा लागला नाही. ते मात्र खरं होतं. दिवसभरात एकाही प्रवाशाने मान वर करून विचारलं नाही, की आधीची बाई कुठे गेली.

धाकटीने त्या चार दिवसांत मनाशी एक पक्कं ठरवलं होतं. झालं ते झालं. यापुढे ताईपासून काही म्हणजे काही दडवायचं नाही. तिने विचारलं, की त्याच क्षणी खरं ते सांगायचं. घासाआड लपायचं नाही.

संध्याकाळी दोघी जेवायला बसल्या. ताईने भात वाढला, आमटी वाढली, धाकटीला लागतं म्हणून मीठ पुढे ठेवलं. मग आपल्या ताटाकडे बघत, अगदी सहज विचारल्यासारखं, म्हणाली, "कसा आहे गं तो आवाज?"

"चांगला आहे," धाकटी ताडकन म्हणाली. "एकदम स्पष्ट. शेवटच्या बोटीवरसुद्धा नंबर नीट ऐकू येतो."

ताईचा घास हातातच राहिला. मग म्हणाली, "इतक्या लगेच सांगायलाच हवं होतं का?"