खाजाभाईंच्या गॅसचं क्रांतिक तापमान

सन एकोणीसशे बासष्टच्या चैत्रात भूमच्या खाजाभाई सोडावाल्यांना सरकारी पत्र आलं, की त्यांच्या गॅसचं क्रांतिक तापमान कार्यालयाच्या दप्तरी नमूद नसल्याने सदर गॅस बेकायदेशीर अवस्थेत आहे.

सोड्याचा कारखाना म्हणजे एक खोली, बाटल्या भरायचं यंत्र, खाजाभाई आणि त्यांची बायको शरिफाबी. सोड्यात भरायच्या कार्बन डायऑक्साइड गॅसची लोखंडी टाकी ते ओल्या पोत्यात गुंडाळून गार कोपऱ्यात ठेवत. बारा वर्षं टाकीची तक्रार नव्हती. ती आता कार्यालयाला आली.

चौथ्या दिवशी निरीक्षक महारुद्र किणीकर एसटीतून उतरले. मुंबईहून तीन आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन ते नुकतेच परतले होते.

"क्रांतिक तापमान म्हणजे," त्यांनी समजावलं, "ज्याच्या वर गॅसला कितीही दाबा, तो पातळ राहतच नाही."

खाजाभाईंचा चेहरा उजळला. "मग ते मला ठाऊक हाय साहेब! सकाळी टाकी हलवली की आत डुबुक वाजतं. ऊन चढलं की गप. आत नुसता गॅस, आन् जोर लई. म्हणून तर पोती भिजवतो."

"ऐकणं ही मान्य पद्धत नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी तक्ता उलगडला. रेणूत कोणता अणू कुणाला कसा जोडलाय ते पाहायचं, प्रत्येक जोडणीचा ठरलेला आकडा घ्यायचा, बेरीज करायची, आणि पदार्थ किती अंशांना उकळतो त्यावरून उत्तर काढायचं. गॅसला हातसुद्धा लावावा लागत नाही.

एकच अडचण आली. हा गॅस गोठवला तर वितळून उकळत नाही, त्याच्या बर्फाचा थेट वायू होतो. पण उकळण्याचा रकाना रिकामा ठेवायची मुभा नव्हती. साहेबांनी क्षणभर विचार केला. सोडा म्हणजे बव्हंशी पाणीच. त्यांनी शंभर लिहिले.

उत्तर आलं तीनशे त्रेचाळीस अंश.

"तीनशे अंशात डाळीची राख व्हती साहेब," शरिफाबी दारातून म्हणाल्या. "पुस्तकात काय दिलंय?"

"पुस्तकात एकतीस आहे. पण ते पुस्तक परदेशी. तिकडचा गॅस थंड हवेतला." साहेबांनी वजाबाकी केली. "भूमचा उन्हाळा बेचाळीसच्या वर जात नाही. तुम्हाला तीनशे एक अंशांची सुरक्षितता शिल्लक राहते. एवढी सुरक्षितता जिल्ह्यात कुणाकडं नाही."

एवढी सुरक्षितता असलेली टाकी ओल्या पोत्यात ठेवणं म्हणजे शासनाच्या आकड्यावर अविश्वास. टाकी कार्यालयाच्या नकाशाप्रमाणे अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली गेली. पोती जप्त झाली.

टाकी उन्हात गप होते, पोती परत द्या, असे खाजाभाईंनी तीन अर्ज केले. पहिल्याला पोच आली. दुसऱ्यावर पहिल्याचा क्रमांक विचारला. तिसऱ्यावर 'ऐकीव माहिती' असा शेरा पडून तो परत आला.

वैशाखातल्या बाजारच्या दिवशी दुपारी दोन वाजता पत्रा हात लावू देईना. खाजाभाईंनी शरिफाबींना लांब पिटाळलं, कायदा मोडायचं ठरवलं आणि पाण्याची बादली उचलली. शेडपाशी पोचायच्या आत टाकी फुटली. पत्रा उडून समोरच्या ज्ञानोबा शिंप्याच्या दुकानावर पडला. खाजाभाईंचा उजवा कान कायमचा गेला.

दुसऱ्या दिवशी किणीकरसाहेबांनी पंचनामा लिहिला. गॅसचं क्रांतिक तापमान तीनशे त्रेचाळीस असल्याने बेचाळीस अंशांत टाकी फुटणं रेणूच्या संरचनेनुसार असंभव आहे. सबब टाकी फुटली नसून मालक बादली घेऊन धावत आल्यानं तिच्यात अनपेक्षित बदल झाला. परवाना रद्द. खाली एक्केचाळीस पंचांच्या सह्या.

खाजाभाई ज्ञानोबांकडं गेले आणि त्यांनी डावा कान पुढं केला. "ज्ञानोबा, तुम्ही तर समोरच व्हता. तुमचं छप्पर गेलं. तरी सही केली?"

"व्हय की," ज्ञानोबा ओशाळून म्हणाले. "साहेबांनी बोट ठेवलं, म्या केली. वाचत बसलो असतो तर मागची रांग खोळंबली असती."

हे ऐकून तुम्हाला हसू आलं असेल. जरूर हसा. मात्र शेवटची सही कुठल्या कागदावर केलीत आणि त्यात काय लिहिलं होतं, तेवढं आधी आठवून सांगा.