तात्यासाहेब रिंगणात सापडले त्याची हकीकत

श्रीशारदेस आणि ढोलकीच्या शाईस नमन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्षमास, मंदवार म्हणजे शनिवार, सकाळचे दहा, ते समयी प्रमुख पाहुणे तात्यासाहेब रणपिसे चाळीस बालकांच्या रिंगणात सापडोन, हात वर करोन, क्वाकू या नावाने नाचते जाहले. हे वर्तमान घडलेच नाही. दप्तरी नोंद नाही, छायाचित्रे पुसली, पुसणाऱ्याने शपथ घेतली. तरी जे घडलेच नाही ते कैसे घडले, सविस्तर परिसावे.

कोणे एके राज्यात मजले तीन, नळ एक, आणि अधिपती मुख्याध्यापक वसंतराव धायगुडे. तळमजल्यावर बालवर्ग, त्याची सुभेदारी केतकीबाई सातपुते यांजकडे. वरून हुकूम सुटला कीं यंदाचे स्नेहसंमेलनी बालवर्गाने आफ्रिकाखंड दाखवावा, मिनिटे चार. बाईंनी हिशेब केला, पन्नासांहून अधिक देश, म्हणजे देशास पाच सेकंदही येत नाहीत, आणि मग एकच देश घेतला, घाना. तेथील अकोसुआबाई शहरी विद्यापीठात शिकावयास आल्या होत्या, त्यांस रिक्षाने सन्मानपूर्वक आणविले, आणि त्यांनी उभा ढोल मांडिला आणि सांगितले कीं आमचेकडे मूल ज्या वारी जन्मते त्या वाराचे नाव त्यास मिळते, मी रविवारची म्हणोन अकोसुआ. आणि आमचे गावी नाचाचे रिंगणात बघ्यास जागा नाही, आत आला तो नाचला पाहिजे. मग चाळीस बालकांचे वार शोधिले, आणि सोमवारचे कोजो, शुक्रवारचे कोफी, ऐसी नवी फौज उभी राहिली. ढोल वाजे, केतकीबाई वार पुकारीत, त्या वारची मुले मध्ये जाऊन नाचत आणि बाकीची नाव घेऊन जबाब देत. त्यात मंगळवारची बानू शेख, वय वर्षे चार, जी जूनपासून वर्गात एक अक्षर बोलली नव्हती, ती तिसरे दिवशी "मी अबेना!" ऐसी गर्जली कीं नळावरचे कावळे उडाले. ते ऐकोन केतकीबाईंनी मनाशी खूणगाठ बांधिली, कीं नोकरी जावो, हे रिंगण मोडणे नाही.

मग रंगीत तालमीस वसंतरावांची स्वारी आली आणि बहुत कष्टी जाहली.

"बाई, यात आफ्रिका कुठाय?"

"हीच की, सर."

"पानांचे घागरे कुठायत? तोंडाला काळं कुठाय? लोकांना कळणार कसं?"

"तोंडाला काळं आपल्याकडे गुन्हेगाराच्या फासतात, सर. माझ्या मुलांनी काय केलंय?"

"आणि हे गोल कशाला? निम्म्या पोरांची पाठ पाहुण्यांकडे! तात्यासाहेबांना पाठ दाखवता? तीन रांगा करा, तोंडं समोर. नाहीतर सोमवारपासून बालवर्ग सोडा आणि प्रयोगशाळेतला सांगाडा सांभाळा."

बाई उत्तरल्या, "काळं लागणार नाही. रांगा होणार नाहीत. पण तात्यासाहेबांना एकही पाठ दिसणार नाही, हा माझा शब्द." वसंतरावांस वाटले, फत्ते झाली.

मग संमेलनाचा दिवस उगवला आणि तात्यासाहेबांच्या अकरा पदव्या वाचून झाल्या आणि ते मैदानी, सर्वांच्या पुढे मांडिलेल्या उंच खुर्चीवर विराजमान जाहले. केतकीबाईंनी ढोल वाजविला, बालके हात धरोन निघाली, आणि खुर्चीभोवती फिरोन वेढा घातला, सर्वांची तोंडे आत. एक पाठ दिसेल तर शपथ! शब्द तंतोतंत पाळिला. नामदेव शिपाई चहा घेऊन दोन वेळा चालून गेला आणि दोन वेळा माघारी फिरला, रसद तुटली.

"अरे, मला कुठं घेतलं मध्ये?" तात्यासाहेब बोलले.

बानू पुढे झाली. "आजोबा, तुम्ही कुठल्या वारचे?"

"बाळ, मी प्रमुख पाहुणा आहे."

"असा वार नसतो."

मग तात्यासाहेबांनी स्मरण केले, वार स्मरेना. बानू हलेना. मग घरी फोन लाविला, आणि पत्नी काकीसाहेब कपाटात पत्रिका शोधू लागल्या, ऐसी अठरा मिनिटे गेली, आणि छापील भाषण खिशातच घामाने भिजले. वसंतराव रिंगणाबाहेरोन दोन्ही हातांनी ढोल थांबविण्याची खूण करीत होते. केतकीबाईंनी ती खूण नीट पाहिली आणि ढोल दुप्पट जोराने वाजविला. तों फोनमधून, ढोलाच्याही वर चढोन, सर्व मैदानास ऐकू आले, "अहो, बुधवार! का, काय झालं?"

"क्वाकू!" चाळीस मुखे गर्जली.

तात्यासाहेब निघावयास उठले, वाट मिळेना. मग एक हात वर गेला, मग दुसरा, आणि ते नाचले. प्रथम चिडोन, मग लाजोन, आणि शेवटी कोणी थांबवीना म्हणोन.

नंतर केस सारखे करीत ते वसंतरावांस म्हणाले, "हे घडलं नाही. समजलं?"

"समजलं, साहेब."

सोमवारी वसंतरावांनी बाईंस बालवर्गातून बडतर्फीचा कागद लिहावयास घेतला, आणि कारणाचे रकान्यापाशी लेखणी अडली. कारण जे घडलेच नाही त्याचा गुन्हा कैसा लिहावा? मग कागद फाडिला आणि म्हणाले, "निदान लिहून द्या, पुढच्या वर्षी मुलं समोर तोंड करून उभी राहतील."

"देते की," बाई बोलल्या, आणि तेथेच बसोन लिहून दिले. एवंच, बालवर्ग बाईंकडे राहिला, रिंगण गोल राहिले, सांगाडा पोरका राहिला. बाईंच्या अर्जाची नक्कल येणेप्रमाणे:

मा. मुख्याध्यापक यांचे सेवेसी. विषय: 'समोर' ही दिशा रद्द करणेबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, गोल उभ्या राहिलेल्या मुलांना समोर एकमेकांची तोंडे दिसतात, मान्यवर दिसत नाहीत. सबब सदर दिशा शाळेच्या मैदानातून कायमची हटवावी, आणि केलेल्या कार्यवाहीचा लेखी अहवाल सात दिवसांचे आत बालवर्गास सादर करावा, ही विनंती.