जाळीखालचं बिऱ्हाड

नमुने चोवीस होते. मासे कापायच्या यंत्राच्या पात्यावरून एक, सरकत्या पट्ट्यावरून सहा, टेबलांवरून नऊ, भिंतींवरून सात आणि यंत्राखालच्या सांडपाण्याच्या जाळीतून एक. तेवीस स्वच्छ निघाले. जाळीत लिस्टेरियाचे, अन्नातून विषबाधा करणारे जंतू होते.

स्वच्छता तपासनीस म्हणून तिरिलला रुजू होऊन तीन महिने झाले होते. नोकरी अजून कच्चीच होती. बेटावर धुरी दिलेल्या साल्मनचा हा एकच कारखाना, आणि नाताळचा माल पंधरा दिवसांत निघायचा होता. तेव्हा हे जंतू पात्यावर असले तर माल अडणार होता, आणि तिची नोकरीही.

"एकाच जागी आहेत ना?" मुकादम ओड्वार म्हणाला. "पाइप लावतो. असा झोत मारतो, की तुझे जंतू थेट स्कॉटलंडला!"

"झोताने हलत नाहीत ते. चिकट थर करून त्याखाली बिऱ्हाड थाटलंय त्यांनी. तू दात काय नुसत्या चुळा भरून साफ करतोस?"

"माझी कवळी आहे. पेल्यात टाकतो."

मालकीण गुन्वोरने वाद मिटवला. "शनिवारी दुग्नाद करू."

दुग्नाद म्हणजे सगळ्यांनी मिळून, फुकट, हसतमुखाने राबायचं. न येणाऱ्याला बेटावर कोणी काही बोलत नाही. वर्षभर कोणीच काही बोलत नाही.

शनिवारी एकतीस माणसं आली, एकोणतीस ब्रश आणि वॉफल भाजायची दोन यंत्रं घेऊन. आधी घासायचं, मग फेस, मग हलक्या धारेचं पाणी, असं तिरिलने नेमून दिलं. साडेअकरापर्यंत सगळं शिस्तीत चाललं. मग तिला वॉफल खायला बोलावलं. दुग्नादात वॉफलला नाही म्हणता येत नाही. ती परतली तेव्हा ओड्वार जाळीवर पाइप रोखून उभा होता. जाळीतून उठलेले तुषार धुक्यासारखे तरंगत यंत्रावर सावकाश उतरत होते.

"बघ, चकाचक!" ओड्वार म्हणाला.

बुधवारी निकाल आला. चोवीसपैकी अकरा जागी लिस्टेरिया, पातं धरून.

"मेले नाहीत ते, ओड्वार. तू त्यांना घरं वाटलीस!"

पाइप गुन्वोरच्या कपाटात कुलपात गेला. यंत्र सुटं करून एकेक भाग हाताने घासला, जंतुनाशकात बुडवला, कोरडा केला. जाळीला वेगळा लाल ब्रश ठेवला. तिरिल रोज बॅटरी घेऊन आधी जाळीत डोकवायची, मग पात्याखाली. पुढच्या निकालात तेवीस जागा स्वच्छ होत्या. फक्त पात्यावर लिस्टेरिया. माल निघायला पाच दिवस उरले होते.

तिरिल तडक ओड्वारकडे गेली. "कपाटाची किल्ली कोणी दिली तुला?"

"कसली किल्ली? त्या दिवसापासून मी नळसुद्धा मोठा सोडला नाही. बायको विचारते, बरं नाही का."

"मग पात्यावर आले कुठून? उडत?"

ओड्वारची नजर तिच्या हाताकडे गेली. "ही बॅटरी तू कशाने धुतेस?"

"ही? ही तपासणीची आहे."

"जाळीत जाते?"

"जाते."

"मग पात्यापाशी?"

तिरिलने बॅटरीच्या मुठीवरच्या रबरी खाचा निरखल्या. त्यांत काहीतरी बुळबुळीत चमकत होतं. तिने नमुन्याची नळी उघडली, तोच ओड्वारने हात पुढे केला.

"आण इकडे. स्वतःची उत्तरपत्रिका स्वतः तपासू नये. आणि माझ्या पाइपाच्या तोंडाचाही नमुना घे. होऊन जाऊ दे."

बोळा खाचेत कसा फिरवायचा, ते तिने त्याला शिकवलं. दोन नव्या बॅटऱ्या आल्या, एक जाळीची, एक पात्याची. पातं पुन्हा घासून वाळवलं आणि त्याचा नवा नमुना गेला.

माल निघायच्या आदल्या दिवशी कागद आला. ओड्वारने चष्मा लावला आणि जेवणाच्या खोलीत सगळ्यांसमोर तो मोठ्याने वाचला.

लिस्टेरिया. जाळी: नाही. पातं: नाही. पाइपाचं तोंड: नाही. जुन्या बॅटरीची मूठ: आहे.