सेजलची वाटी आणि चवथीची फुगडी

यंदाच्या चवथीत, म्हणजे गणपतीत, मंडपातली पहिली फुगडी आपली, हे सेजलने शाळा सुरू झाली त्याच दिवशी अर्ध्या मुळगावाला सांगून टाकलं होतं. उरलेल्या अर्ध्या गावाला तिच्या आईने सांगितलं. फुगडीच्या पथकाची प्रमुख ज्योतीवहिनी. तिने सेजलला मधोमध उभं केलं आणि अकरावीतली ही पोर रस्त्यानेसुद्धा गिरक्या घेत चालायला लागली!

अशीच एक गिरकी तिने जवळच्या साखळी शहराच्या बसस्टँडवर घेतली. पाऊल जमिनीवरच राहिलं, सेजल वळली, आणि डाव्या गुडघ्याची वाटी कंटाळलेल्या पाहुण्यासारखी बाजूच्या बाजूने निघून गेली. पाय सरळ केल्यावर ती आपणहून परत आली खरी, पण गुडघ्याचा पपनस झाला.

डॉक्टरांनी नीट समजावलं. वाटी ज्या खोबणीतून सरकते ती सेजलची जरा उथळ आहे, त्यात मांडीचा आतला स्नायू दुबळा, म्हणून वाटी बाहेर ओढली जाते. वाढत्या वयाच्या मुलींत हे पुष्कळ दिसतं. आता गुडघ्याला पट्टा बांधायचा, रोज मांडीचा व्यायाम करायचा, आणि तीन महिने उकिडवं बसणं नाही, उड्या नाहीत, गिरक्या नाहीत.

म्हणजे फुगडीतलं जे जे म्हणून होतं, ते सगळं नाही! फक्त टाळ्या तेवढ्या शिल्लक ठेवल्या होत्या.

ज्योतीवहिनीला हे कळलं असतं तर जागा पथकातल्या स्वातीला गेली असती, आणि स्वाती तर गजरा माळून वाटच बघत होती. सेजलने आईला देवाची शपथ घालून गप्प केलं. रोज दिवेलागणीला ती आतल्या खोलीत उताणी पडायची, पाय काठीसारखा ताठ करून वर उचलायची, डोळे मिटून, दात आवळून आकडे पुटपुटायची, मग पाय हळूहळू खाली आणायची.

एकदा शेजारच्या विनोदिनीकाकी पडवळ द्यायला खिडकीशी आल्या आणि त्यांनी हा प्रकार पाहिला. पडवळ तिथंच टाकून त्या अशा पळाल्या, की त्यांच्या गुडघ्यांचा सेजलला अजून हेवा वाटतो. तासाभरात गावभर झालं: सेजलच्या अंगात देवाचा भार आला!

गुडघ्याचा व्यायाम करत होते, एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण ते ज्योतीवहिनीच्या कानावर गेलं की फुगडी संपली. सेजलने तोंडाला कुलूप घातलं. त्या गप्प बसण्याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या सोयीने लावला.

गावचे जाणते शिवदासमामा. त्यांनी रीतसर देवळात प्रसाद लावला, म्हणजे देवाचा कौल मागितला. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, "देवा, पोरीन चवथीत पयली फुगडी घालूची काय? घालूची जाल्यार उजवी दी."

उजवी पाकळी टपकन पडली.

रडावं की नाचावं, सेजलला कळेना. आता तिची जागा डॉक्टरसुद्धा काढून घेऊ शकत नव्हते.

चवथीच्या दिवशी मंडप गच्च भरला. कासोटा घातल्यावर पट्टा लुगड्यातून टेंगळासारखा वर दिसायला लागला, म्हणून तिने तो काढून ठेवला. ही अक्कल मात्र तिची स्वतःची. ज्योतीवहिनीने हात धरले, बायकांनी गाणं उचललं, पहिली गिरकी झाली, दुसरी झाली, आणि वाटी निघाली! या वेळी परत यायचं नाव नाही. सेजल कोसळली, आणि तिच्या घशातून जो आवाज निघाला त्यापुढे खाणीवरचा भोंगा लाजला असता.

सारा मंडप हात जोडून उभा राहिला.

"दुखतंय, मला इथून न्या," सेजल कळवळली.

"आयकलात मगे?" शिवदासमामा लोकांना म्हणाले. "देवाक त्रास जाता. वायच मागे सरा."

कुणी तिच्या कपाळाला कुंकू फासलं, कुणी सुजलेल्या गुडघ्याशेजारी नारळ ठेवला. गुडघ्यात आणि नारळात फारसा फरक राहिला नव्हता. आई गर्दीच्या मागून खरं काय ते सांगत होती, पण देव समोर असताना आईचं कोण ऐकतो? तेवढ्यात विनोदिनीकाकी पदर पसरून पुढे आल्या. "माये, आमचो साईश बारावीक दुसऱ्यांदा बसलो. पुढे कोण होतलो तो?"

"डॉक्टर!" सेजल जिवाच्या आकांताने ओरडली. "डॉक्टर, डॉक्टर!"

काकींनी तिथेच बसकण मारली आणि त्या आनंदाने रडायला लागल्या.

खरा डॉक्टर भेटेपर्यंत आरती झाली, प्रसाद वाटून झाला. वाटी जागेवर बसली, पाय पुन्हा पट्ट्यात गेला. साईशला बिचाऱ्याला जीवशास्त्राच्या दोन-दोन क्लासना घातलं.

आठवड्याने ज्योतीवहिनी भेटायला आली. सेजलने मन घट्ट केलं आणि खोबण, स्नायू, व्यायाम, लपवाछपवी, सगळं सांगून टाकलं. वहिनीने शांतपणे ऐकून घेतलं. मग सेजलने विचारलं, नेमाने व्यायाम केला तर पाय भक्कम होईल असं डॉक्टर म्हणालेत, तर पुढच्या चवथीला मधली जागा ठेवशील?

वहिनीने आधी वाकून त्या पट्टा बांधलेल्या पायाला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

"खुळी काय गो तू?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "नाचताना तुका आमचो पाय लागलो तर? स्वातीक घेतलंय मी. तू पाटावर बस. आम्ही तुझ्याभोवती फुगडी घालू."