थोरल्या कोळंबीच्या अंगरख्याची हकीकत

समुद्राचे उदरी शाईचे कारखाने बाळगणारे, दहा हातांचे, अंगी हाड नसून कोणापुढे न वाकणारे जे माकूळ नामे सरदार, त्यांचे पारिपत्यास एका चष्मेवाल्याचे घरी कोळंब्यांचा जो सरंजाम होता, त्यातील थोरली कैशी घायाळ जाहली, तिजवर उपचार कोणी केले आणि त्यापायी घरात काय तह घडला, हा मजकूर मागाहून कोणी भलताच सांगू नये म्हणून येथे यथास्थित लिहिला असे. वाचणाराने हसावे, मनाई नाही.

प्रथम सरंजामाची ओळख. या कोळंब्या खोट्या. लाकडी धड, त्यावर तलम कापडाचा घट्ट अंगरखा, हनुवटीस शिशाचे वजन, कुशीस पिसे, आणि शेपटीस वर वळल्या काट्यांचा मुकुट. दोरीस बांधून पाण्यात सोडावी, हलके झटके द्यावे, आणि माकुळाने खरी समजून मिठी मारावी की मग सुटका नाही. परंतु मिठीबरोबर तो चावाही घेई, आणि चोच त्याची पोपटासारखी, म्हणोन प्रत्येक फत्तेनंतर अंगरख्याच्या चिंध्या होत आणि घरात दुरुस्तीचा कारखाना सुरू होई.

घरचे धनी, कन्येचे तीर्थरूप, यांनी हयातभर गावास चष्मे पुरविले आणि रविवारी पहाटे, लेकीची झोप मोडू नये म्हणोन चपला हातात घेऊन, दोस्त पेंटरकाकांसह बंदराच्या बांधावर स्वारी करावी, ऐसा शिरस्ता. अखेरच्या साध्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी दुपारी, त्यांनी गेल्या स्वारीत चावे खाऊन आल्या थोरलीस गोड्या पाण्याने न्हाऊ घातले आणि दात घासण्याच्या जुन्या ब्रशाने काट्यांचा गंज काढिला आणि चष्म्याच्या चिमट्याने वाकले काटे सरळ केले आणि फुटल्या डोळ्याचे जागी नवा डोळा बसवून नंबर बरोबर लागल्याचे जाहीर केले. मग नव्या अंगरख्यासाठी कात्री घेऊन कपाटाच्या मुलखात शिरले, तो मातोश्रींनी त्यांस जांभळ्या झग्यासह रंगेहाथ पकडिले. तत्काळ फर्मान सुटले की पुन्हा कात्रीसह या हद्दीत पाऊल पडल्यास ताटात माकूळ सोडाच, मीठही पडणार नाही. तीर्थरूप शिकस्त खाऊन माघारी आले आणि उघड्या थोरलीस चष्म्याच्या डबीत निजवून टेबलाच्या दुसऱ्या टोकास वाचीत बसल्या कन्येस म्हणाले, "राहू दे. नागडी तर नागडी. उद्या बघू."

कन्या पुस्तकातून मान वर न काढता हसली. रोज होई तितकेच जाहले.

दुसरे दिवशी दुकानात, गिऱ्हाइकाची काच पुसता पुसता, तीर्थरूपांच्या हृदयाने चाकरी सोडिली.

पुढे दिवस लोटले. कोळंब्यांचा डबा गॅलरीत तसाच राहिला, आणि वारा फिरला की खाऱ्या पाण्याचा आणि गोंदाचा वास घरात येई, आणि तो आला की मातोश्री हातचे काम टाकून दार उघडावयास जात, आणि दारात कोणी नसे. ऐसे वारंवार होऊ लागले, तेव्हां त्यांनी हुकूम काढिला की डबा पेंटरकाकांचे स्वाधीन व्हावा. कन्येने मुदत मागितली. बहुत जाबसाल होऊन काकांचे मध्यस्थीने एककलमी तह जाहला, तो ऐसा: कन्येने थोरलीस अंगरखा चढवावा. रविवारपावेतो ती तीर्थरूपांचे हाती पोहे तैशी पोहली तर डबा घरी राहील, न पोहली तर काका घेऊन जातील. निवाडा काकांचा. काका जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवून तिरके काय आणि सरळ काय हे जाणणारे, भीडभाड न ठेवणारे.

कन्येने बहुत ग्रंथ वाचिले होते, पैकी एकाही ग्रंथात कोळंबीस कपडे घालण्याचा अध्याय नव्हता. तरी बाजारातून भरजरी कापड आणोन पहिला हल्ला केला. शिवण पाठीवर घेतली. न्हाणीघरात बादलीचे रणांगण मांडून थोरलीस सोडिले, तो ती कुशीवर पडून मुक्कामास आल्या पाहुण्यासारखी पसरली. काकांनी वाकून पाहिले.

"ही पोहत नाही गं," म्हणाले, "लोळतेय."

मग दुसरा हल्ला. या खेपेस गोंदाची रसद इतकी सोडिली की शेपूट जड जाहले, आणि थोरली उलटी, बूड खाली नाक वर, तळास गेली. काकांनी पाणबुडीचा किताब बहाल केला आणि आपल्या घरी डब्यास कोणता कोनाडा बरा, याची विचारपूस मातोश्रींकडे आरंभिली. तेणेंकरून कन्येचा चेहरा पडला.

तेव्हां तिने मसलत केली की जुन्या फौजेची पोटे पाहावी, शिवण कोठे घेतली ते कळेल. सगळा डबा जेवणाच्या टेबलावर उपडा केला आणि एकेकीस उताणी करून पाहिले, तो शिवण पोटाच्या खाचेत, शिशाच्या रेषेत, कापड बोथट सुरीने आत दाबलेले. इतक्यात मातोश्री चहा घेऊन आल्या, आणि कप हातातच राहिला. त्यांनी एक निळी कोळंबी उचलून उजेडात धरिली.

"हा माझा रुमाल," म्हणाल्या. मग दुसरी उचलिली. "आणि ही छत्री. वाऱ्याने फाटली म्हणाले होते मला. आणि मी त्या बापड्या वाऱ्याला शिव्या घातल्या."

मग सारेच गुन्हे उघडकीस आले. कन्येच्या शाळेतल्या रेनकोटाचा खिसा निघाला, तीर्थरूपांचा स्वतःचा लग्नातला टाय निघाला, आणि काकांनी एक चौकड्यांची कोळंबी निरखून पाहिली आणि आपला हरवला सदरा ओळखून ते खुर्चीत बसले. दोस्तीची हीच किंमत का, ऐसा त्यांनी छताकडे पाहून जाब मागितला. मातोश्री हसू लागल्या. त्या दिवसानंतर त्या प्रथमच हसल्या, आणि इतक्या की चहा बशीत गेला. हसू ओसरल्यावर उठल्या, कपाटाच्या मुलखात गेल्या, आणि जांभळा झगा व कात्री आणून लेकीपुढे ठेविली.

"बाहीच्या आतून काप. बाहेरून दिसत नाही. ह्यांनीही तेच केलं असतं."

मग तिसरा हल्ला, गोंद बेताने, शिवण पोटात. मातोश्रींनी कापड ताणून धरिले, कन्येने सुरीने दाबिले. बादलीत थोरली नाक खाली करून, तिरकी, सावकाश उतरली, कोणास भेटावयास निघाल्यासारखी. काकांनी चष्मा काढून पुसला आणि निवाडा समुद्रात होईल म्हणोन सांगितले.

रविवारी पहाटे कन्या चपला हातात घेऊन दबकत निघाली, आणि उंबऱ्याशी ध्यानी आले की जिची झोप मोडावी ऐसे घरात कोणी निजले नाही. मातोश्री आधीच जिन्यात उभ्या. हौस म्हणून येत नसून झगा आपला असल्याने देखरेखीस येत आहो, ऐसे त्यांनी खडसावून सांगितले.

बांधावर थोरली पाण्यात गेली. दोन झटके, मग उसंत. मग दोरी जड जाहली आणि कन्येने ओढिली, आणि तळहाताएवढा एक माकूळ सरदार वर आला आणि त्याने आपली सारी शाई काकांच्या धुवट सदऱ्यावर रिती केली. काकांनी तो सदरा डब्याच्या सेवेस कापडादाखल जागीच अर्पण केला. सरदाराचे कोवळे वय पाहून त्यास अभय देऊन समुद्रात पोचते केले. थोरलीच्या अंगरख्यावर एक चावा उमटला, तो दुरुस्तीस रुजू.

येणेंप्रमाणे फत्ते जाहली. डबा घरीच राहिला. वासाविषयी मातोश्रींनी कलम घातले की तो येऊ द्यावा. दार उघडावयास उठावे लागले तर उठू, गुडघ्यांस तेवढाच व्यायाम.

काका सदरा पिळावयास आणि मातोश्री त्यांस हसावयास पलीकडे गेल्या. कन्या बांधाच्या टोकास उभी राहिली, थोरलीस गोड्या पाण्याने धुऊन चष्म्याच्या डबीत निजविले, आणि पाण्याकडे तोंड करून मोठ्याने बोलली. ते शब्द तिचेच, फेरफार न करता लिहिले आहेत:

"बाबा, मलापण यायचं होतं. दर रविवारी मी जागीच असायचे."