तापीबाईंच्या अंगावरची फुली

भावेशला हल्ली घरात माणसं दिसतच नव्हती, दिसायचे ते नुसते धोके. बायको गॅसपाशी गेली की धोका, माय बाजेवर टेकली की धोका. आयटीआयमध्ये तो मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवायचा. वर्कशॉपमधल्या सुरक्षेचे फ्लेक्स त्याने करायचे आणि प्राचार्यांना पसंत पडले तर त्याची कंत्राटी नोकरी कायम व्हायची. म्हणून साऱ्या घराचा वर्ग झाला होता.

फ्लेक्सवर 'चूक' दाखवायला त्याला जीपच्या पंख्याशी लोंबता पदर हवा होता. "माय, जराशी उभी ऱ्हाय," एवढंच म्हणाला. चूक वगैरे काही बोलला नाही. आपला फोटो लेकाच्या शाळेत लागणार म्हणून तापीबाई ठेवणीतलं लुगडं नेसून सरपंचासारख्या उभ्या राहिल्या.

पितांबर फ्लेक्सवाल्याचा हात वाढदिवस आणि श्रद्धांजलीवर बसलेला. म्हाताऱ्या बाईचा एवढा मोठा फोटो, खाली 'क्षणात घात'. सांगितलेल्या लाल फुलीबरोबर त्याने आपल्या मनाने फुलं आणि दोन समया टाकल्या.

प्राचार्य बघायला येणार म्हणून भावेशने फ्लेक्स ओसरीवर टांगला. शेजारच्या रुक्मिणीबाईंना वाचता येत नव्हतं, पण समया कळत होत्या. त्यांनी हंबरडा फोडला. गल्ली धावली. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी पदर पंख्यात कसा गेला ते बाकीच्यांना सांगितलं. गल्लीतला लोटन झेंडूचा हार, खिळा आणि हातोडी घेऊन आला. फ्लेक्सला भोक पडेल म्हणून भावेश स्टुलावर चढून दोन्ही हातांनी तो झाकत राहिला. माय जिवंत आहे हे सांगायचं त्याला सुचलंच नाही.

तेवढ्यात तापीबाई केळीच्या बागेतून परतल्या. दारात रडारड. आधी रडायचं, मग विचारायचं, ही गावाची रीत. त्यांनी पदर तोंडावर ओढला, बायकांत बसल्या आणि सगळ्यांच्या वरचा सूर लावला. दम लागल्यावर रुक्मिणीबाईंना कोपराने ढोसलं.

"कोन गयं व माय?"

"तापीबाई गयी."

"अरेरे," म्हणून तापीबाई आणखी थोडं रडल्या. मग थांबल्या.

पदर खाली आला आणि अर्धी गल्ली उठून पळाली. दारात प्राचार्य उभे होते. पोरं असल्या फ्लेक्सकडे ढुंकून बघत नाहीत, इथे तर गाव रडलं, असं म्हणून त्यांनी फ्लेक्स तिथेच पसंत केला आणि नोकरीचंही बघतो म्हणाले.

भावेशचा चेहरा खुलला. तापीबाईंनी समया पाहिल्या, फुली पाहिली, मग लोटनच्या हातातली हातोडी आणि अजून फ्लेक्सवर हात धरून स्टुलावर उभा असलेला लेक पाहिला.

"सगळा गाव मन्हासाठे रडना, भावेश. तू मातर फ्लेक्सले भोक पडाले नको म्हनीसन झटी ऱ्हायंता. साहेबनी तुले पास करं. मी नापास करं."