फोटोबरहुकूम चेहरा

लिंबागणेशच्या राधाकिशन यांची मुलगी आरोही हिला रविवारी पाहुणे बघायला येणार होते, आणि तिचा चेहरा तिच्या फोटोशी जुळत नव्हता. बाब गंभीर होती.

फोटो मांजरसुंब्याच्या एका स्टुडिओत काढला होता. फोटोग्राफरने धंद्याचा धर्म पाळून तो इतका उजळवला, की मागचा निळा पडदासुद्धा पांढरा झाला. मुलाच्या आईला, भिवराबाईंना, तो पाहताक्षणी पसंत पडला. खरे तर मुलाने, रामेश्वरने, आरोहीला आधीच पाहिले होते. हार्वेस्टरमध्ये बोट सापडले म्हणून तो चौसाळ्याच्या दवाखान्यात गेला, तिथे ती नर्स. पट्टी बांधताना तिने दटावले, "रडता का हसता, एक काय ते ठरवा." त्याने घरी जाऊन सांगितले, करीन तर हिच्याशीच. तिलाही तो मनापासून आवडला होता. पण माणूस पाहून सोयरीक जमवण्याची आपल्याकडे पद्धत नाही. रीतसर फोटो मागवला गेला, आणि मंजुरी मिळाली ती फोटोला.

सबब आरोही आणि तिची आई वनमालाबाई बीडला फाउंडेशन घ्यायला गेल्या. सोबत हनुमानमामा होते, कारण लग्नाच्या कामात मामाशिवाय घेतलेला निर्णय ग्राह्य धरला जात नाही.

दुकानातल्या सुनिताने आरोहीच्या जबड्याच्या कडेला तीन शेड लावल्या आणि तिला बाहेर उजेडात नेले. "ही मधली बघा. लावलीय का न्हाई, कळत बी न्हाई. हीच तुमची."

"कळत न्हाई?" वनमालाबाई हादरल्या. "मग इकत कावून घ्यायची? तसला रंग तिच्याकडं हायच की!"

मामांनी मोबाईल काढून आरोहीच्या गालाजवळ धरला. "म्याडम, चेहऱ्याला मॅच नगं. ह्या फोटोला मॅच करा."

"मामा, ह्यो माणसाचा रंग न्हाई, ट्यूबलाइटचा हाय."

"पण हाय का तुमच्याकडं?"

होता. सगळ्यात वरच्या कप्प्यात होता आणि सगळ्यात जास्त तोच खपत होता.

"मामा, त्यांनी मला पाह्यलंय," आरोही कळवळून म्हणाली. "असंच पाह्यलंय."

"पोरानं तुला पाह्यलंय. पाव्हण्यांनी फोटो पाह्यलाय," मामांनी वस्तुस्थिती स्पष्ट केली.

रविवारी सकाळी अंमलबजावणी सुरू झाली. चेहरा झाला तर मान वेगळी दिसू लागली. मान झाली तर कान उघडे पडले. पोह्यांच्या बशा हातांनीच द्यायच्या, म्हणून हात घेतले. पाया पडताना पावले दिसणार, म्हणून पावलेही घेतली. मग वनमालाबाई लेकीशेजारी उभ्या राहिल्या आणि मामांच्या कपाळावर आठी पडली. "पोरगी कुणावर गेली, म्हणून इचारतील की लोक!" वनमालाबाई लगेच आरशापुढे बसल्या.

"मला कावून?" म्हशीची धार काढून आलेले राधाकिशन ओरडले. "मी काय नवरी हाय का?"

"दाजी, खानदानाचा प्रश्न हाय," मामा म्हणाले, आणि आदर्श घालून देण्यासाठी आधी स्वतःला लावून घेतले. बाटली संपली. त्यामुळे आजी सुंदरबाई यांना कार्यक्रम होईपर्यंत शेतात पाठवण्यात आले.

पाहुणे आले. भिवराबाईंनी चष्मा लावला, फोटो एका हातात धरून आरोहीला वरपासून खालपर्यंत तपासले. "सेम टू सेम हाय," त्यांनी अहवाल दिला. दोन्हीकडचे लोक सैलावून बसले. आरोहीने धीर करून मान वर केली, रामेश्वर ओळखीचा एकदा तरी हसेल म्हणून. तो तिच्या मागच्या दाराकडे बघत होता.

पोहे झाले, चहा झाला. शेवटी तो आईकडे वाकून म्हणाला, "आई, बोलवायला सांग की आता."

"कुणाला रे?"

"नर्सबाईला. ह्या त्यांच्या बहीण हायत का?"

 जगात एका माणसाने आरोहीला नीट पाहिले होते, आणि त्याच्यापासूनच तिला नीट लपवण्यात आले होते. तिला हसूही आले आणि रडूही.

"बोट बरं झालं का?" ती एकदम म्हणाली. "का अजून रडता?"

रामेश्वर दचकला. "आवाज त्यांचाच हाय!"

"आवाज ही किरकोळ बाब हाय," मामांनी खुलासा केला. भिवराबाईंनीही दुजोरा दिला. फोटोतली मुलगी पसंत झाली आहे, आता पोराच्या सांगण्यावरून बदल होणार नाही. फक्त तिच्याशेजारी रामेश्वर फार रापलेला दिसतो, तेव्हा लग्नाच्या फोटोसाठी त्यालाही एक बाटली आणावी, असे ठरू लागले. दुकानाचा पत्ता विचारला गेला.

तेवढ्यात आरोही उठली. कुणाला काही न विचारता न्हाणीत गेली. पाणी ओतल्याचा आवाज आला, मग बराच वेळ साबण घासल्याचा. ती ओल्या तोंडाने बाहेर आली आणि दारात उभी राहिली.

"ह्याच त्या!" रामेश्वर उभा राहिला. हसताना त्याचे डोळे भरून आले. ती त्याच्याकडे बघून हसली, आणि आता तिला दुसऱ्या कुणाच्या पसंतीची गरज उरली नाही.

बाकीची बैठक मात्र एकदम पुढे झुकली. मामांनी खिडकी उघडली, भिवराबाईंनी चष्मा पुसला. सगळ्यांना एकच बघायचे होते: पोरगी खरी आहे तरी कशी, गोरी का काळी?

ते या कथेत कुठेच लिहिलेले नाही. तुम्ही वर जाऊन पुन्हा शोधले, तरी सापडणार नाही. शोधत होता ना? मग या, मामांच्या शेजारी सतरंजीवर जागा आहे. पोहे उरले आहेत.